रोहण्याहून आणलेला मेंदू

"लेकीले तोंड पाहू द्या, मंग न्या," यशोदाबाई म्हणाल्या. माझ्या कानाला फोन. पलीकडून आमचे विभागप्रमुख ओरडत होते, "अहो, निघा लगेच! आरएनए गेला तर काय उपयोग?"

आम्ही मेडिकल कॉलेजची माणसं रोहणा गावात, त्यांच्या घरी होतो. यशोदाबाईंचे यजमान, निवृत्त गुरुजी, अल्झायमरने नुकतेच गेले होते. भान शाबूत असतानाच त्यांनी मेंदू संशोधनाला द्यायचं ठरवलं होतं. मी पॅथॉलॉजिस्ट, पुढची व्यवस्था माझ्याकडे. मुलगी समुद्रपूरहून एसटीने निघाली होती.

घाईचं कारण असं. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. राखण त्यांची आणि साफसफाईही त्यांचीच. त्यांच्यातली कुठली जनुकं चालू, कुठली बंद, हे आरएनएवरून कळतं. अल्झायमरमध्ये यातली काही जनुकं वेगळी वागतात. मृत्यूनंतर आरएनए तुटू लागतो. गारव्यात जास्त टिकतो.

मी बर्फ मागवला. गुरुजींचे धाकटे भाऊ उसळले. "मेल्यावर बी हाल करता काय जी माह्या भावाचे?"

"चेहऱ्याला धक्का लागणार नाही," मी म्हणालो. शेवटी बर्फाच्या पिशव्या उशीच्या खोळीत भरल्या आणि गुरुजींचं डोकं त्यावर टेकवलं.

मुलगी आली. बापाच्या केसांवरून हात फिरवताना दचकली. "आई, उशी ओली काऊन?"

मी मान खाली घातली. यशोदाबाईंनी नाही घातली.

"बर्फ हाय. माह्यं नाव तुह्या बापाच्या डोक्यातून कसं गेलं, थे पाहनार हायेत हे लोक."

मुलीने उशी चाचपली. मग म्हणाली, "मंग इतकासाच काऊन? अजून आना ना."

आणखी बर्फ आणायला धाकटे भाऊच मोटरसायकलवर गेले. त्रिसरण-पंचशील झालं आणि आम्ही गुरुजींना घेऊन कॉलेजकडे निघालो.

नमुना उत्तम निघाला. या आजारात साचणाऱ्या प्रथिनांच्या गाठींभोवती मायक्रोग्लिया दाटल्या होत्या. सफाईची जनुकं जोरात चालू होती. हे आजाराचं कारण की परिणाम, ते एका मेंदूवरून ठरत नाही. पण इतर नमुन्यांतही तेच दिसलं, आणि त्या सगळ्यांत गुरुजींचा, म्हणजे आमच्या जिल्ह्याचा, एक होता, याचा मला आजही अभिमान आहे.

गावात मात्र 'मेंदू विकला' अशी कुजबुज झाली. यशोदाबाईंनी ती एकटीने सोसली. मला कळलं होतं, तरी मी त्यांच्याकडे गेलो नाही. म्हणून आता लिहितो: कुणी काही विकलं नाही. गुरुजींनी दिला, माय-लेकींनी टिकवला.

निष्कर्ष आम्ही परदेशापर्यंत पोचवले, रोहण्यापर्यंत नाही. नमुना जिथून आणला, निकाल आधी तिथे सांगावा.