गाडी बंद करू नका

नाशिक ते इंदूर, पाच दिवस, सहा गाड्या. प्रत्येक गाडी दोन माणसांची, बिनटपाची आणि वयाने माझ्या वडिलांपेक्षा मोठी. जुन्या मोटारींच्या एका हौशी मंडळाच्या कार्यालयात मला नोकरी लागून चार महिने झाले होते. मोहिमेची नियमावली मीच टाइप केली होती. नियम सातवा : वाटेत कुठल्याही कारणाने इंजिन बंद करू नये. साहेबांनी, म्हणजे मंडळाच्या अध्यक्षांनी, तो माझ्याकडून ठळक अक्षरांत करून घेतला होता.

अण्णा, माझे वडील, पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये पेट्या उचलतात. गाड्यांबरोबर इंदूरला चाललोय म्हटल्यावर त्यांनी फोनवर विचारलं, "कितव्या गाडीत बसणार?"

खरं उत्तर होतं, सातव्या. सातवा टेम्पो होता. त्यात सुटे टायर, पाण्याचे जार, छत्र्या आणि जुन्या साध्या जीवनाच्या ओढीने निघालेल्या सहा जोडप्यांच्या बॅगा. मी घरातला पहिला पदवीधर. माझी फी भरायला ज्यांनी दोन-दोन पाळ्या केल्या त्यांना टेम्पो सांगवेना. "अजून ठरलं नाही," म्हणालो. अण्णांनी ते स्वतःच ठरवून टाकलं.

थंडीत सकाळी निघालो. साहेबांच्या गाडीच्या डाव्या दाराची कडी लागत नव्हती. पण कडी मूळची होती, त्यामुळे ती बदलणं म्हणजे पाप. मॅडम, म्हणजे साहेबांच्या पत्नी, नाशिकपासून दार आतून हाताने ओढून बसल्या होत्या. "याला म्हणतात खरा प्रवास," साहेब म्हणाले. ते दाराच्या बाजूला नव्हते. मॅडमची रोजची, बंद काचांची मोठी गाडी ड्रायव्हर टेम्पोच्या मागून आणत होता. लागली तर असावी म्हणून.

पिंपळगावच्या सर्व्हिस रोडला फ्लेक्स लागला होता. 'गल्लीचं भूषण.' पदवीच्या काळ्या झग्यातलं माझं डोकं कापून कुठल्यातरी लांबलचक लाल गाडीच्या स्टिअरिंगवर चिकटवलेलं. खाली शुभेच्छुकांचे चाळीस चेहरे, त्यातले निम्मे माझ्या ओळखीचे नव्हते. फ्लेक्ससमोर टेबल, टेबलावर शाल, नारळ आणि माइक.

टेम्पोवाले मामा फ्लेक्सकडे बघून म्हणाले, "आयला, हा तूच का रे? आन् मी तुझ्या मांडीवर पाण्याचा जार दिला!"

गाड्या ओळीने थांबल्या. अण्णा एकेका गाडीत वाकून बघत येत होते. सहावीपाशी ते थांबले. पुढे फक्त टेम्पो उरला होता. मी जार खाली ठेवून उतरलो.

"मागं बसलास का रे?"

"सामानावर लक्ष ठेवायचं असतं, अण्णा."

त्यांनी टेम्पोकडे एकदा पाहिलं आणि गल्लीतल्या लोकांकडे वळून मोठ्यांदा सांगितलं, "मेन माणूस मागंच लागतो. रेल्वेचा गार्ड कुठं बसतो?"

"ते खरं हाय काका," फ्लेक्स छापणारा म्हणाला, "पण आम्ही त्याला गाडीत छापलाय ना. लोकांना काय सांगायचं आता?"

तेवढ्यात साहेबांना माइक दिसला. शाल, नारळ आणि माइक एका टेबलावर असले की सत्कार आपलाच, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

"साहेब, तेवढं इंजिन बंद करा, भाषण ऐकू येईना," कुणीतरी ओरडलं. मी टेम्पोपासून धावत नियम सातवा सांगायला पोहोचलो तोवर ते बंद झालं होतं. अध्यक्षांनी केलं म्हणून बाकीच्या पाचांनीही केलं.

शाल एकच होती. ती साहेबांच्या खांद्यावर गेली. आई औक्षणाचं ताट घेऊन उभी होती. तिने साहेबांना ओवाळलं, पण पाहत होती माझ्याकडे. त्यामुळे कुंकू भुवईवर लागलं. मग साहेब वीस मिनिटं साधेपणावर बोलले. आपण सगळे मातीपासून तुटत चाललोय, असं त्यांनी पॅकहाऊसच्या लोकांना कळकळीने समजावलं. लोकांनीही टाळ्या वाजवल्या. पाहुण्याला आम्ही नाही म्हणत नाही.

पाच गाड्या कुरकुरत का होईना, चालू झाल्या. साहेबांची झाली नाही.

"ढकला," मामा म्हणाले.

"माझा हात गेला," मॅडम म्हणाल्या आणि थेट बंद काचांच्या गाडीत जाऊन बसल्या. इकडे दार आपोआप उघडलं. साहेबांनी आजूबाजूला पाहिलं.

"ए, तू ये. दार धर."

मी बसलो. आसन इतकं खाली की हात सोडला तर डांबर लागेल. मागे वळून पाहिलं तर गल्लीतली सात-आठ माणसं वाकलेली, मधोमध अण्णा.

"अण्णा, मी ढकलतो, तुम्ही या—"

"तू दार धर!" अण्णा ओरडले. असा आवाज त्यांनी मला नापास झालो तेव्हाही दिला नव्हता.

"जोर लगाके!" "हैशा!" तिसऱ्या हैशाला इंजिन लागलं. साहेबांनी गाडी जी सोडली ती सोडलीच.

"साहेब, एक मिनिट, घरच्यांना सांगून—"

"थांबायचं नाही. नियम सातवा."

माझ्या एका हातात दार होतं. दुसरा वर करेपर्यंत फ्लेक्स मागे पडला.

चांदवडहून फोन केला. हैशा ओरडून अण्णांचा आवाज बसला होता. "दिसलास," ते म्हणाले. "सगळ्यांनी पाहिलं."

"तुम्ही ढकलत होतात, अण्णा."

"मग? कोण ढकलणार?"

मॅडम पुन्हा त्या गाडीत बसल्या नाहीत. मी पाच दिवस, थेट इंदूरपर्यंत, दार धरून गेलो. परतल्यावर पिंपळगावला नवा फ्लेक्स होता, या वेळी खऱ्या फोटोचा. शाल पांघरलेले साहेब, शेजारी मी, तोंडावर वारा. गाडीमागचा भाग कापलेला. ढकलणारा एकही माणूस त्यात नाही.

"तुमचा फोटो कुणी काढून टाकला?" मी अण्णांना विचारलं.

"मीच सांगितलं," ते म्हणाले. "ढकलणारे दिसले तर गाडी बंद पडली होती हे कळलं असतं ना लोकांना."