आमेनच्या आधी

आमच्या घरात प्रार्थना झाल्याशिवाय भाकरीला हात लागत नाही. प्रार्थना करायची ती घरच्या कर्त्या माणसानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं. बाकीच्यांनी शेवटी आमेन म्हणायचं आणि मग घास मोडायचा. सासऱ्यांपासून हे असंच चालत आलं.

पण माझा नवरा ताटापुरता थांबणारा नव्हता. पेरणीची पहिली मूठ टाकताना प्रार्थना, विहिरीवरची मोटर चालू करताना प्रार्थना. शेळी व्यायला लागली की गोठ्यात टोपी काढून उभा. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, मला ते अती वाटायचं.

"देवाला तुमच्या शेळीबिगर काम न्हाई का?" मी म्हणायचे.

"अगं, रविवारी चर्चमधी त्याला भेटायचं आन् बाकीचे दिवस वळख द्यायची न्हाई, हे बरं दिसतं का?"

आमचा मुलगा एकुलता एक. चाळिशीला आला तरी लग्न केलं नव्हतं, आणि का, ते विचारणं आम्ही सोडून दिलं होतं. त्याला भूक अजिबात निघत नसे. बाप प्रार्थनेत पाऊसपाणी, आजारी माणसं, शेजाऱ्याचा बैल, सगळं घ्यायचा. मुलगा मध्येच आमेन म्हणून भाकरी मोडायचा.

"थांब की," बाप डोळे मिटूनच म्हणायचा, "देव अजून ऐकायलाय."

"त्याला ऐकू द्या दादा. माझी भाकरी गार व्हायलीय."

गेल्या वर्षी जिंतूरहून येताना त्याच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं. दवाखान्यात न्यायची वेळच आली नाही.

माती झाली, पाहुणे गेले. घरात पुन्हा चूल पेटली त्या दुपारी मी ताट वाढलं. नवरा समोर बसला, पण त्यानं डोळे मिटले नाहीत, तोंडही उघडलं नाही. प्रार्थना करवत नव्हती, आणि तिच्याशिवाय जेवता येत नव्हतं. ताट तसंच उचललं. मग रोज तेच व्हायला लागलं. चहा तेवढा घ्यायचा, कारण चहावर त्यानं कधी प्रार्थना केली नव्हती. एवढी एकच वस्तू देवाच्या तावडीतून सुटली होती. गळ्याची हाडं दिसायला लागली.

परभणीहून चर्चचे पाळक आले. तरुण माणूस. म्हणाले, "आई, सगळं देवाच्या हाती देऊन टाका."

"दिलंच हुतं की," मी म्हणाले. "आता ह्या माणसाला जेवायला कसं घालायचं, ते बोला."

पाळकांनी ताटावर प्रार्थना केली. नवऱ्यानं आमेन म्हटलं नाही, म्हणून जेवलाही नाही.

घरात नवरा असताना बाईनं ताटावर प्रार्थना करायची आमच्यात पद्धत नाही. दुसऱ्या दिवशी मी केली. मला चांगले शब्द येत नाहीत.

"प्रभू, ह्या माणसानं तुला शेळीच्या गोठ्यातबी बोलावलं. पोरगं रस्त्यावर पडलं तवा तू कुठं हुतास, मला ठाव न्हाई. तिथंच हुतास तर लय वाईट. नव्हतास तर त्याहून वाईट. पण ह्या घरात तुझ्याबिगर भाकरी मोडत न्हाई, आन् हा मरायलाय. म्हणून तू..."

"आमेन," नवरा म्हणाला.

मध्येच. मुलगा म्हणायचा तसं. त्यानं भाकरी मोडली आणि चावत राहिला. नाकाडोळ्यातलं पाणी घासावर पडत होतं, ते त्यानं पुसलं नाही. माझी प्रार्थना अर्धीच राहिली. पुढं काय मागणार होते ते आता आठवत नाही. मला त्या दिवशी घास गेला नाही.

तेव्हापासून ताटावर मीच बोलते. तो आमेन म्हणतो, जेवतो. स्वतःहून देवाशी एक शब्द काढत नाही, आणि मी त्याला म्हणतही नाही.

मागच्या महिन्यात शेळी व्याली. तो ओट्यावरच बसून राहिला. मग गोठ्यात मी गेले, डोक्यावर पदर घेतला. काय बोलावं सुचेना. करडू आपल्या पायांवर उभं राहीपर्यंत तशीच उभी होते.