सुई न टोचलेली गाठ

आमच्या जनावरांच्या दवाखान्यात कुणी कुत्र्या-मांजराची गाठ दाखवायला आलं, की आधी मावशी आणि मग डॉक्टर मॅडम. मावशी म्हणजे आमच्या ड्रेसिंगवाल्या. सत्तावीस वर्षं त्यांनी जनावरं धरली, जखमा धुतल्या, चावे खाल्ले. मी काउंटरवर असते, त्यामुळे टेबलापाशी काय चाललंय ते मला काचेतून दिसतं.

आधी कुत्र्याशी गप्पा. "काय रे लबाडा, कुणाशी भांडून आलास?" बोलता बोलता बोटं केसांत शिरायची. गाठ चिमटीत धरून बघायच्या, कातडीखाली सरकते की चिकटून बसलीय, मऊ आहे की टणक, हात लावला तर दुखतं का. मग मालकाची उलटतपासणी. कुणी "कालच दिसली" म्हणालं, की झालंच! "लिंबाएवढी गाठ एका रात्रीत? आंघोळ कधी घातली होतीत शेवटची?" एकदा एक काका घामाघूम होऊन आले, बोक्याच्या पोटावर गाठी आल्यात म्हणून. मावशींनी बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, ही त्याची स्तनाग्रं आहेत. तुम्हालाही दोन आहेत." काकांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

पण थट्टा तेवढीच. "मावशी, ही साधी चरबीचीच असेल ना?" असं कुणी लाडीगोडी लावून विचारलं की त्या भडकायच्या. "माझ्या बोटांना काय डोळे फुटलेत? सुई घाला." बारीक सुईनं गाठीतल्या चार पेशी ओढायच्या, काचेवर पसरायच्या, रंग देऊन मॅडमनी मायक्रोस्कोपखाली बघायच्या. पंधरा मिनिटांचं काम. बहुतेक जनावरांना कळतही नाही. मावशींनी सुईशिवाय गाठ सोडलेली मी कधी पाहिली नाही. म्हणून तर पुढचं मला अजून पटत नाही.

मावशींचा थोरला भाऊ एकटा राहतो. बायको गेली, मुलगी लांब. घरात तो आणि त्याची म्हातारी कुत्री. तिला तो महाराणी म्हणायचा. स्वतः चहाबरोबर शिळा पाव खाईल, पण महाराणीला ताजा भात. मावशी दर रविवारी त्याच्याकडे जायच्या, त्याची भांडी घासायच्या, महाराणीची नखं कापायच्या.

एका रविवारी महाराणीच्या मांडीवर त्यांच्या हाताला गाठ लागली. वाटाण्यापेक्षा थोडी मोठी, मऊ, सरकणारी. दादा शेजारीच उभा होता. चेहरा पांढराफटक. "काही वाईट नाही ना गं?" आणि आमच्या मावशी, ज्या परक्या माणसाला दमदाटी करून सुई घालायला लावायच्या, त्या म्हणाल्या, "चरबी आहे रे दादा. म्हातारपणी येते."

मला नंतर सांगताना त्या म्हणाल्या, "त्याचं तोंड मला बघवेना गं. पुढच्या रविवारी बघू म्हटलं." पुढच्या रविवारी गाठ तेवढीच. त्याच्या पुढच्या रविवारी उलट लहान. असे चार महिने गेले. मावशी खूश. लहान होणारी गाठ कशाला वाईट असेल?

असते. एका जातीचा कॅन्सर असाच फुगतो आणि ओसरतो, हे मावशींना माझ्यापेक्षा पक्कं ठाऊक होतं. मांडी लाल होऊन महाराणीला उलट्या सुरू झाल्या, तेव्हा त्या तिला रिक्षात घालून घेऊन आल्या. मॅडमनी सुई घातली, काच बघितली, सोनोग्राफी केली. यकृतात पोचलं होतं. मॅडम म्हणाल्या, "कापून उपयोग नाही. औषधानं थोडे दिवस आरामात जातील." मग हळूच म्हणाल्या, "मावशी, आधी सुई घातली नव्हती, हे त्यांना सांगायलाच हवं असं नाही."

"असं कसं नाही?" मावशी म्हणाल्या. महाराणीला रिक्षातून परत न्यायचं होतं, म्हणून मी बरोबर गेले.

दादानं दार उघडलं. मावशींनी चपलासुद्धा काढल्या नाहीत. उंबऱ्यातच म्हणाल्या, "दादा, माझं चुकलं. मी चरबी म्हणाले, पण मला माहीत नव्हतं. पहिल्याच दिवशी सुई घातली असती तर कदाचित ती वाचली असती. माझ्या हातानं घात केला." आणि त्या ढसाढसा रडायला लागल्या.

दादा खाली बसला. महाराणी त्याच्या पायाशी येऊन लवंडली. तो तिचा कान चोळायला लागला. मग म्हणाला, "बुधवार-गुरुवारी ती फुगायची."

"काय?"

"गाठ. मधल्या वारी सुजायची, लाल व्हायची. रविवारपर्यंत बसायची. मी बघत होतो."

"मग बोलला का नाहीस रे?"

"सांगितलं असतं तर तू सुई घेऊन आली असतीस." तो तिच्याकडे बघत नव्हता. "तू चरबी म्हणालीस ना, मला तेवढंच ऐकायचं होतं."

मला त्या म्हाताऱ्याचा असा संताप आला! आणि दुसऱ्याच क्षणी माझेच डोळे भरून आले. दोघांनी मिळून एका मुक्या जिवाला मायेपोटी मारलं होतं.

महाराणी पाच आठवडे जगली. खाणं सुटलं तेव्हा मॅडम घरी गेल्या. तिचं डोकं दादाच्या मांडीवर होतं आणि पुढचा पाय मावशींनी धरला होता, शीर सापडावी म्हणून. इंजेक्शनच्या वेळी त्यांचा हात जराही हलला नाही, असं मॅडम सांगतात.

मग दारापर्यंत सोडायला आलेला दादा म्हणाला, "तू काही दिवस येऊ नकोस. तुझ्यावर राग नाही गं. तू दारात दिसलीस की मला माझी लबाडी आठवते."

त्याला आता दीड वर्ष झालं. मावशी कामावर येतात, गाठी तपासतात, थट्टा मात्र करत नाहीत. परवा माझा धीर सुटला. म्हटलं, "मावशी, पुरे झालं. तुम्हीच जा ना. सख्खा भाऊ आहे तुमचा. तो काय हाकलून देणार आहे?"

त्यांनी टेबल पुसणं थांबवलं नाही. "काही दिवस म्हणाला होता," त्या म्हणाल्या. "कायमचं नाही म्हणाला."