रुबीना आणि ती खचलेली वाट

रुबीना आज पहाटे गेली.

डोंगरात नाही. डेंग्यूने. दिल्लीतल्या एका आयसीयूत.

हे आधीच लिहिते, कारण सकाळपासून प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न तोच येतोय. "ट्रेकवर होती का?"

ती परभणीची. यूपीएससीसाठी दिल्लीला आली. मी पुण्याची, गुडगावला नोकरीला. दिल्लीतल्या मुनिरकात आमच्या खोल्या समोरासमोर होत्या.

तिचे सगळे अटेम्प्ट संपले, पण ती परत गेली नाही. एका कोचिंग क्लासमध्ये भूगोल शिकवायला लागली.

एक दिवस क्लासवरून आली आणि दारातूनच म्हणाली, "यार, रोज फळ्यावर हिमालय काढते आणि मी तो लांबूनसुद्धा पाहिलेला नाही. चल."

पहिल्याच ट्रेकला कळलं, तिला उंचीची भयंकर भीती वाटते. दरी दिसली की ओठ पांढरे. वाटेतच बसकण मारायची.

तरी मे महिना जवळ आला की तीच विचारायची, "या वर्षी कुठे?"

त्यातल्या एका वर्षाचं सांगते.

उत्तराखंडातला ट्रेक. मी, रुबीना, पुण्याहून आलेला माझा धाकटा भाऊ निनाद आणि आमचे गाईड दिनेशजी. स्वयंपाकी सामान आणायला खाली गावात गेलेला.

कॅम्पच्या अलीकडे दरड कोसळून वाट खचली होती. जेमतेम एक पाऊल मावेल एवढीच उरलेली. वर सुटे दगड, खाली थेट नदी. जाताना रुबीना तिथे गोठून उभी राहिली. दिनेशजींनी हात धरून तिला इंच इंच पलीकडे नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निनाद तंबूतून बाहेर आला तो झोकांड्या खातच.

रात्रभर डोकं दुखत होतं, उलट्या झाल्या होत्या. बोलला नव्हता. मी त्याला काहीतरी विचारलं तर तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. ओळख नसल्यासारखा.

दिनेशजींनी त्याचे ओठ पाहिले, नखं पाहिली.

"अभी नीचे. इसी वक़्त."

नेटवर्क नाही. ऑक्सिजन होता तो खाली, वनखात्याच्या चौकीवर.

"दो लोग इनको पकड़ेंगे. एक को आगे जाकर सिलेंडर भिजवाना पड़ेगा."

निनादने माझी बाही मुठीत धरली होती. सोडेना.

रुबीनाने ते पाहिलं. "तू थांब त्याच्याजवळ. मी जाते."

दिनेशजी चाचरले. "मैडम, आपसे होगा? वो जगह..."

"पता नहीं. दूसरा रास्ता है क्या?"

नव्हता.

ती निघाली. वळणावर दिसेनाशी झाली.

आम्ही मागून. निनाद सारखा खाली बसायचा. "ताई, झोपू दे ना गं." मी त्याच्यावर ओरडत होते, गालावर चापट्या मारत होते. आणि कान पुढेच लागलेले. दगड घरंगळतोय का? कोणी हाक मारतंय का?

खचलेल्या वाटेपाशी पोचलो.

रुबीना नव्हती.

खाली उतारावर, एका दगडाला तिची निळी टोपी अडकली होती.

मी दिनेशजींकडे पाहिलं. ते टोपीकडे बघत होते. मग हळू म्हणाले, "पहले भाई को पार कराते हैं."

ती वाट मी कशी ओलांडली, आठवत नाही. नदीकडे बघायचं नव्हतं आणि नजर तिथेच जात होती.

पलीकडून हाका मारल्या. उत्तर नाही.

पुढच्या सगळ्या उतारभर माझ्या डोक्यात एकच. परभणीला फोन करून मी काय सांगू?

मग खालच्या झाडीतून शिट्टी आली. दोन माणसं वर येत होती. एकाच्या पाठीवर सिलेंडर.

भाऊ शेजारी धापा टाकत होता आणि माझ्या तोंडून आधी निघालं, "एक मैडम आयी थी?"

"चौकी पे बैठी हैं. हाथ छिल गये हैं, बस."

निनादला मास्क लावला. चौकीवर पोचेपर्यंत तो नीट उत्तरं द्यायला लागला होता.

रुबीना बाकावर बसली होती. दोन्ही तळहात सोललेले, गुडघ्यावर पँट फाटलेली.

"कशी आलीस तिथून?"

"बसून. सरकत सरकत. मोठमोठ्याने रडत. टोपी कधी पडली, कळलंच नाही." आणि लगेच, "हा बरा होईल ना?"

तो बरा झाला. आज पुण्याहून मिळेल त्या फ्लाइटने निघालाय.

तिची भीती मात्र गेली नाही. पुढच्या मे महिन्यात पुन्हा तेच पांढरे ओठ.

हा आठवडा आयसीयूबाहेर गेला. डॉक्टर बाहेर आले की आम्ही सगळे एकदम उभे राहायचो. काल प्लेटलेट्स थोड्या वाढल्या म्हणून पहिल्यांदा नीट जेवलो. पहाटे फोन आला.

आत्ता तिचे अब्बा माझ्या शेजारी बसलेत. परभणीचे निवृत्त शिक्षक. मगाशी मोबाइलमधले तिचे ट्रेकचे फोटो दाखवत होते, एका कड्याजवळच्या फोटोवर थांबले.

"बेटा, तिला अशा ठिकाणी भीती नाही वाटायची?"

"खूप वाटायची, अब्बा."



"आम्हाला तर म्हणायची, लई मजा येते."

"तेही खरंच होतं, अब्बा."

त्यांनी मान हलवली. फोटो मोठा करून तिचा चेहरा बघत राहिले.

दुपारच्या नमाजनंतर दफन आहे. निनादची फ्लाइट लेट झालीय. अब्बा म्हणालेत, थोडं थांबू.

रुबीना, तुला माझा, निनादचा, आम्हा सगळ्यांचा अखेरचा सलाम.