सरांनी स्वतःविरुद्ध दिलेली माहिती

आमच्या सरांचं नाव ऐकून फायलीत चुळबुळला नाही, असा दडवलेला एकही कागद दिल्लीत नसेल. पत्रकारितेच्या कॉलेजात ते माध्यम कायदा शिकवत, आणि माहितीचा अधिकार तर त्यांच्या अंगात भिनलेला. एकदा एका मराठी कँटीनमध्ये वाढपी म्हणाला, मिसळ खतम. सरांनी शांतपणे विचारलं की किती वाजता संपली, संपली असं कुणी ठरवलं, आणि पातेलं पाहायला मिळेल का. बिचाऱ्या मॅनेजरने पातेलंच टेबलावर आणून ठेवलं. तळाशी तीन जणांपुरती होती, हो! आम्ही खाली मान घालून खाल्ली. पण वकिलीही करणारा हाच माणूस तास संपवून कोर्टात संपादकांसाठी भांडून घरी यायचा आणि कॅन्टोन्मेंटमधून आलेल्या जवानांच्या बायकांचे माहिती अधिकाराचे अर्ज बूटसुद्धा न काढता लिहीत बसायचा. वर्षानुवर्षं अडलेल्या फायली त्यांच्या एका ओळीने हलत. मी थक्क होऊन बघत राहायची.

अशा माणसाच्याच विषयात मी दोन गुणांनी नापास झाले! गुरुग्राममधली माझी नोकरी निकालावर अडलेली, बाबा त्याच वर्षी रिटायर होणार. रडतच सरांकडे गेले. "रडू नकोस. अर्ज कर," ते म्हणाले. कॉलेजचे माहिती अधिकारीही तेच. माझ्या तीन पानी गाऱ्हाण्यातून त्यांनी उत्तरपत्रिका मागणारी एकच ओळ ठेवली, त्यातलं 'कृपया'सुद्धा खोडलं. हक्क मागताना पाया पडायचं नसतं, म्हणे. कायद्याने तीस दिवस होते, उत्तर चौथ्या दिवशी आलं. दोन पानं चिकटलेली होती, त्यामुळे मधलं अख्खं उत्तर तपासलंच गेलं नव्हतं. आणि पेपर तपासणारे कोण, तर खुद्द सर. मी विचारलंही नव्हतं, तरी खाली लिहिलं होतं, "पाँचवाँ उत्तर जाँचा नहीं गया। गलती मेरी है।" शिवाय स्वतःचं नाव, हुद्दा, सही.

पास झाल्याचे पेढे घेऊन कॉलेजात गेले, तेव्हा क्लार्कने बाकीचं सांगितलं. त्याच महिन्यात विभागप्रमुखाची निवड होती. सहकारी सरांना म्हणाले होते, यार, गुण गुपचूप वाढवून टाका, कागद कशाला करता? सरांनी कागद केला आणि पद दुसऱ्याला गेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत सर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उघडून बसले होते. मी माफी मागू लागले, तर म्हणाले, "तू मागितलंस म्हणून मला कळलं. आणखी कुणाची पानं चिकटली असतील तर?"

सरांना जाऊन आता दोन वर्षं झाली. मी अजून त्याच कंपनीत आहे. कंपनीची चूक झाली की पत्रकारांना द्यायचा खुलासा मी लिहिते. तो 'आमच्या निदर्शनास आले आहे' असा सुरू होतो आणि कुणाचंही नाव न घेता संपतो. गेल्या महिन्यात चूक माझीच होती. सरांचं ते तीन शब्दांचं वाक्य मी टाइप केलं, थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं, आणि पुसून टाकलं. सर, ते तुम्हालाच जमायचं.