अर्धा मणका

माझा डावा कान जन्मापासून म्हणजे नुसती वाटाण्याएवढी गाठ. जबडा त्याच बाजूला आखूड, मान कललेली. आत्या खात्रीनं सांगायची की मी पोटात असताना ग्रहण लागलं, तेव्हा आई विळीवर भाजी चिरत बसली होती. आई नाही म्हणायची. पण वडिलांनी हेच तिला इतक्यांदा विचारलं की शेवटी तिचा स्वतःवरचाच भरवसा उडाला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी अकरा वर्षांची होते. पाठ दुखायला लागली, म्हणून आई मला उमरेडहून एसटीनं नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. एक्स-रे झाला. डॉक्टरांनी सात-आठ विद्यार्थी बोलावले, माझी हनुवटी धरून तोंड इकडं-तिकडं वळवलं आणि म्हणाले, "हिचे फोटो काढावे लागतील."

आईनं पदरानं माझं तोंड झाकलं. "फोटो काहून पायजे?"

जत्रेत तंबूबाहेर टांगलेली चित्रं तिनं पाहिली होती. दोन तोंडांचं वासरू, आखूड हातांचा माणूस. आपली पोरगीही तिथं टांगली जाईल, असं तिला वाटलं.

डॉक्टर चिडले नाहीत. विद्यार्थ्यांना बाहेर पाठवून त्यांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. "हा मणका बघा, अर्धाच आहे. कान, जबडा, मणके पोटात साधारण एकाच सुमारास घडतात. तेव्हाच काही राहून गेलं."

"गिरण लागलं म्हून?"

"नाही."

"मंग काहून?"

"ते आम्हाला माहीत नाही, बाई."

अकरा वर्षं जो तो आईला कारणच सांगत आला होता. बाहेर बाकावर ती मला म्हणाली, "खोटं बोलाचं असतं तं काहीतरी सांगतलं असतं त्यानं." फोटोला ती तयार झाली, तरी तिनं अट घातली, फोटो आमच्याही घरी आले पाहिजेत.

महिन्याभरानं टपालानं आले. तोवर घरात माझा एकही फोटो नव्हता. आलेल्या फोटोंत माझ्या डोळ्यांवर काळी पट्टी मारली होती. ओळख कळू नये म्हणून तसं करतात, असं वडिलांनी सोबतचं पत्र वाचून सांगितलं. आईला पटलं नाही.

"डोळे काहून झाकले? तेच तं चांगले हायेत तिचे."

पाठीला आधार म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या पट्ट्याचं माप द्यायला पुन्हा गेलो, तेव्हा तिनं पट्टी नसलेला फोटो मागून घेतला. तो माझ्याजवळ आहे. त्यात माझी नजर फोटो काढणाऱ्यावर रोखलेली आहे. माझाही त्याच्यावर विश्वास बसलेला दिसत नाही.