कपाटातला लंबू

विज्ञानाच्या बाई नऊ वर्षं हंगामीच होत्या. वर्ष संपलं की त्यांना मोकळं करायचं आणि शाळा भरली की परत बोलवायचं, असा शिरस्ता. दुसरी नोकरी बघावी, तर घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मधल्या सुट्टीत धावत जाऊन त्यांची कूस बदलायची आणि घंटेच्या आत परत. एवढ्या जवळ दुसरी शाळा नव्हती. बाई म्हणजे अडकित्त्यातली सुपारी. वरचं पातं शाळेचं, खालचं घरचं.

यंदा त्यांना कायम करायचा कागद तयार झाला होता. मोठ्या बाईंची, म्हणजे मुख्याध्यापिकांची सही तेवढी राहिली होती. ती विज्ञान प्रदर्शनानंतर करू, असं ठरलेलं.

सहावीचा प्रयोग सोपा होता. घेवड्याच्या दोन कुंड्या. माती तीच, पाणी तेवढंच. एक खिडकीत, दुसरी कपाटात बंद. बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'रोज वाढ मोजा.' पोरांनी पट्टी लावून उंची मोजली. त्यांच्या लेखी वाढ म्हणजे उंचीच. घरी दाराच्या चौकटीवर त्यांचीही तशीच मोजत असणार. त्या दिवसांत सासूबाईंना ताप होता, बाईंचा अर्धा जीव घरी. वही उघडली ती बाराव्या दिवशी. खिडकीतलं रोप अकरा सेंटिमीटर, कपाटातलं सव्वीस.

पोरं कपाटातल्या रोपावर लट्टू. नाव ठेवलं होतं लंबू. लंबू पिवळाफटक, दोऱ्यासारखा, कुंडीच्या काठावर मान टाकून पडलेला. पण पट्टीला रंग थोडाच कळतो?

मोठ्या बाईंनी तक्ता आधीच रंगवून घेतला होता, 'उजेडाशिवाय वाढ नाही.' वही चाळून त्या म्हणाल्या, आकडे इकडचे तिकडे करा, दोन रकान्यांचं तर काम. जाता जाता सासूबाईंची तब्येत विचारली. त्या विचारपुशीतली मेख बाईंना बरोबर कळली.

त्यांनी कोरी वही काढली आणि आकडे उलटे उतरवून घ्यायला वळणदार अक्षराच्या मुलीला पुढे बोलावलं. तिनं पेन उघडलं, पण लिहिलं नाही.

"बाई, लंबू वाढला नाही का मग?"

"नाही गं. उजेड कुठं मिळतोय का, म्हणून नुसता ताणलाय. बियाण्यात होतं नव्हतं ते सगळं त्यातच संपवलंय."

"मग तसंच लिहू ना. खोटं कशाला?"

"शिक्षा झालीय त्याला," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला. बाईंना हसू आलं नाही. मग त्यांनी कोरी वही मिटली. जुन्याच वहीत खरे आकडे ठेवून खाली पानं, रंग, खोडाची जाडी लिहून घेतली आणि शेवटी सही ठोकली.

प्रदर्शनाला आलेल्या पाहुण्यांना वही फार आवडली. शाबासकी मिळाली मोठ्या बाईंना. पाहुणे गेल्यावर त्यांनी बाईंना बाजूला घेतलं. आवाज अगदी मऊ.

"छान समजावलंत पोरांना. पुढच्या वर्षीही हा प्रयोग तुम्हीच घ्या. त्या कागदाचं मग बघू."

बाई "बरं" म्हणाल्या. हाकललं असतं तर निदान भांडता आलं असतं. ठेवून घेणाऱ्याशी कसं भांडायचं?